हजेरीपट

आपल्या शास्त्रकारांनी माणसाच्या पन्नाशीची तजवीज फार पूर्वीच करून ठेवलेली आहे. अंगावर सुरकुती, डोक्यावर पांढरा केस आणि अपत्याचे अपत्य या तीन गोष्टी दृष्टीस पडल्या, की गृहस्थाने अरण्याचा रस्ता धरावा, आणि जाताना पत्नीस एकतर मुलांच्या स्वाधीन करावे किंवा बरोबर घेऊन जावे, अशी मनूची स्वच्छ आज्ञा आहे. यांपैकी पहिली दोन लक्षणे माझ्या ठायी केव्हाच रुजू झालेली असल्याने, आणि तिसरे सहा महिन्यांपूर्वी बंगळुरास मुलीच्या घरी यथास्थित जन्मास आल्याने, मी एके सायंकाळी हा विषय स्वयंपाकघरात सहज काढून पाहिला. अरण्य कोणते, किती लांब, तेथे गॅसची सोय आहे किंवा कसे, असली कोणतीही पृच्छा न करता आणि तव्यावरच्या पोळीवरून दृष्टी न हलवता सौभाग्यवतींनी उत्तर दिले, "मंगळवारी माझी भिशी आहे. बुधवारनंतर कधीही जा." मनूने दिलेल्या दोन पर्यायांपैकी कोणता तिला मान्य आहे याचा उलगडा या उत्तरातून पुरता होत नव्हता, परंतु तिने 'जाऊ' असे न म्हणता 'जा' असे म्हटले होते, ही गोष्ट तीस वर्षे सरकारी मसुदे तपासलेल्या माझ्या नजरेतून सुटली नाही.

सरकार या बाबतीत मनूहून किंचित सावध आहे. ते माणसाला एकदम अरण्यात धाडत नाही. आधी कागद मागवते. नोकराने पन्नास-पंचावन्नाची मजल गाठली, की त्याची प्रकृती, सचोटी आणि कामाचा उरक यांचे पुनर्विलोकन करून तो सेवेत चालू ठेवण्यास पात्र आहे किंवा कसे, हे ठरवावे, असा कायदा आहे. ज्या कचेरीत माझी हयात गेली तेथे इतरांच्या पुनर्विलोकनाचे प्रस्ताव मीच सिद्ध करीत आलो होतो, आणि कर्मधर्मसंयोगाने माझ्या स्वतःच्या प्रस्तावाचा कच्चा मसुदाही माझ्याच टेबलावर येऊन पडला. 'प्रकृती' या रकान्यासमोर 'समाधानकारक' हा शब्द लिहिताना माझा हात क्षणभर अडखळला, कारण त्या वेळी लिफ्ट बंद असल्यामुळे मी तीन जिने चढून आलो होतो आणि माझा श्वास अद्याप दुसऱ्या मजल्यावरच होता. तरीही मी तो शब्द लिहिला. सचोटीचा रकाना त्याच्या खाली होता, एवढे येथे नमूद करणे मला भाग आहे.

घरचे पुनर्विलोकन मात्र अशा रीतीने लिहून देता येत नाही. मुलीने बंगळुराहून एक मनगटी घड्याळ पाठविले. घड्याळ म्हणजे वेळ दाखविणारी वस्तू, या समजुतीने मी ते हातात बांधले. परंतु वेळ हा त्याचा जोडधंदा असून मुख्य व्यवसाय माझी पावले मोजण्याचा आहे, आणि ती मोजदाद माझ्या हातावरून परस्पर मुलीच्या हातातल्या फोनवर दाखल होते, असे लवकरच उघडकीस आले. "बाबा, रोज दहा हजार झालीच पाहिजेत," असे तिने फर्मावले. हा दहा हजारांचा आकडा धन्वंतरीपासून चालत आला असावा अशी माझी श्रद्धा होती. पुढे समजले, की टोकियोला 1964 साली ऑलिंपिकचे सामने झाले, त्या उत्साहाच्या भरात पुढच्याच वर्षी एका जपानी कारखानदाराने कमरेला लावण्याचे पावलांचे यंत्र बाजारात आणले, आणि त्याचे नाव ठेवले 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. संख्या गोल होती, नाव जिभेवर बसणारे होते, यंत्र खपले. आणि साठ वर्षांनंतर पुण्यातला एक गृहस्थ रात्री पावणेदहा वाजता सातशे पावले कमी पडतात म्हणून दिवाणखान्यात सोफ्याभोवती प्रदक्षिणा घालू लागला. एका विक्रेत्याने केवढ्या दूरवर अंमल बसवावा!

सुदैवाने हे यंत्र दिसते तितके कर्तव्यकठोर नसून त्यास वश करून घेता येते. ते पाय पाहत नाही, हात पाहते. संकष्टीच्या रात्री आरतीच्या टाळ्या वाजवताना देव्हाऱ्यासमोर उभ्याउभ्या मी सव्वातीनशे पावले चाललो. एका रविवारी पुरणपोळीचा बेत होता. मी घड्याळ काढून ठेवले होते आणि हरवू नये म्हणून सौभाग्यवतींनी ते स्वतःच्या हातात घातले होते. दुपारी मुलीचा फोन आला, "बाबा, शाब्बास! बाराच्या आत सहा हजार!" मी त्या वेळी वामकुक्षीच्या तयारीत होतो. "हो," मी म्हणालो, "आज जरा जोर केला." सौभाग्यवतींनी लाटणे हातात धरून माझ्याकडे पाहिले. त्या दृष्टिक्षेपाचा परिणाम असा, की दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाच वाजता मी पर्वतीच्या पायथ्याशी उभा होतो.

पर्वतीच्या पायऱ्या 103 आहेत. पुण्यात ही संख्या लहान मुलालाही पाठ असते आणि तरी प्रत्येक जण ती पुन्हा मोजतो. नानासाहेब पेशव्यांनी वरचे देवदेवेश्वराचे मंदिर बांधविले आणि पानिपतानंतर 1761 च्या जूनमध्ये याच टेकडीवर देह ठेवला. त्यांचे वय तेव्हा चाळीस होते. थोरले बाजीराव चाळिशीच्या उंबरठ्यावर गेले, थोरले माधवराव सत्ताविसाव्या वर्षी गेले, आणि नारायणरावांचा शेवट तर सर्वश्रुतच आहे. म्हणजे बापापासून नातवापर्यंतच्या या चौघा कर्त्या पुरुषांपैकी पन्नाशी कोणासही लाभली नाही. ती लाभली दुसऱ्या बाजीरावाला. 1817 च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई त्यांनी याच पर्वतीवरून पाहिली, पुढच्या जूनमध्ये ते माल्कमच्या स्वाधीन झाले, सालिना आठ लाखांचे पेन्शन मुक्रर करून घेतले, आणि ब्रह्मावर्तास जाऊन स्नानसंध्या, दानधर्म व लग्नकार्ये यांत 1851 पर्यंत सुखेनैव काळ कंठिला. इतिहासकारांनी या पुरुषाविषयी काय लिहावयाचे ते लिहिलेले आहे. परंतु पर्वतीवर रोज सकाळी जमणाऱ्या मंडळींत त्यांच्याविषयी एक प्रकारचा सुप्त आदर मला आढळून आला. आमच्यातील बँकवाल्यांनी एकदा बोटांवर हिशेब करून सांगितले, की वर्षास आठ लाखांप्रमाणे साडेबत्तीस वर्षांचे दोन कोटी साठ लाख होतात, आणि तेही महागाई भत्ता न धरता. त्यानंतर काही काळ कोणीच बोलले नाही. समोर खडकीच्या बाजूला धुके होते.

ही मंडळी म्हणजे वरचा कट्टा. मंदिराच्या अंगाला, जेथून निम्मे शहर दिसते अशा जागी, साडेसहा ते साडेसात या वेळात दहा-अकरा माणसे बसतात. मी पहिल्या दिवशी वर पोहोचलो तेव्हा माझी अवस्था अशी होती, की कोणाच्याही शेजारी बसण्यास माझी हरकत नव्हती. आणि अशा रीतीने, कोणाचीही शिफारस नसताना, केवळ उभे राहवत नाही या एकाच गुणावर माझा तेथे प्रवेश झाला. कोणी माझे नाव विचारले नाही. "कुठल्या खात्यात?" हा पहिला प्रश्न, "निवृत्तीला किती?" हा दुसरा आणि "साखर?" हा तिसरा. या तिन्हींची समाधानकारक उत्तरे मिळाल्यावर मला 'कचेरीवाले' ही संज्ञा प्राप्त झाली, आणि तिच्यापलीकडे माझे आडनाव, कुळ वा गाव यांची चौकशी आजतागायत झालेली नाही. पुण्यात दोन अनोळखी माणसे भेटल्यावर पाचव्या मिनिटाला आडनावाचा आणि दहाव्या मिनिटाला मूळ गावाचा छडा लागला नाही, तर दोघांपैकी एक बाहेरगावचा समजतात. त्या शहरात हा कट्टा म्हणजे एक नवलच म्हणावयाचे. तेथे मामलेदार आहेत, पोस्टमास्तर आहेत, बँकवाले आहेत, एस्टीवाले म्हणजे निवृत्त कंडक्टर आहेत, मंडईत ज्यांचा गाळा होता ते मंडईवाले आहेत, चाळीस वर्षे शाळेत गणित शिकविलेले मास्तर आहेत, आणि साऱ्यांना दरडावण्याचा अधिकार जिला कोणीही दिलेला नसून ज्याविषयी कोणी तक्रारही करीत नाही अशी, रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेली सिस्टर आहे.

या समाजात नावाला किंमत नसली, तरी दर्जाला आहे, आणि तो दर्जा दुखण्यावरून ठरतो. ज्यांचे बायपास झालेले आहे ते जहागीरदार; त्यांनी बोलण्यास आरंभ केला, की इतरांनी थांबावयाचे. ज्यांच्या हृदयात नुसती स्प्रिंग घातलेली आहे ते इनामदार. एकाहून दोन स्प्रिंगांचा मान अर्थातच अधिक. गुडघे बदललेले लोक वतनदारांत मोडतात. साखर आणि रक्तदाब हे साधे रयतेचे रोग असून त्यांचा उल्लेख केवळ हवापाण्यासारखा होतो. मी जेव्हा मला पित्ताचा त्रास आहे असे सांगितले, तेव्हा मंडईवाल्यांनी ज्या करुणेने माझ्याकडे पाहिले ती करुणा मी परीक्षेत पहिल्यांदा नापास झालो तेव्हा वडिलांच्या डोळ्यांतही नव्हती. "होईल, होईल," ते म्हणाले. "अजून वय आहे तुमचं."

वयाचा हा मुद्दा मला फार जाचतो. पन्नास ते साठ हे वय म्हणजे दोन तालुक्यांच्या शिवेवरच्या पडीक जमिनीसारखे असून ते कोणत्याच दफ्तरी लागत नाही. कचेरीत नवी मुले मला 'काका' म्हणतात आणि संगणकाच्या खोलीतून हळूच बाहेर काढतात. आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात गेलो, तर साठीची अट असल्याचे सांगून तेथील चिटणिसांनी, ते स्वतः एक्याऐंशी वर्षांचे होते, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "एवढी घाई कशाला, बाळ?" कट्ट्यावर तेवढी अट नाही. तेथे कोणी 'आता या वयात' अशा शब्दांनी वाक्य सुरू केले, की मास्तर ते पुरे होऊ देत नाहीत. ते महर्षी कर्वे यांना साक्षीला बोलावतात. अण्णांनी 1936 साली खेडोपाडी प्राथमिक शाळा काढण्यासाठी मंडळ स्थापन केले तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. 1944 साली समता संघ काढला तेव्हा शहाऐंशीच्या घरात होते. आणि शंभराव्या वर्षी, 1958 मध्ये, भारतरत्न स्वीकारले. "आणि तुम्ही," मास्तर म्हणतात, "बँकेत पासबुक भरायला रिक्षानं जाता." अण्णा हिंगण्याहून कॉलेजात शिकवावयास पायी येत असत, ही गोष्ट ते सर्वांत शेवटी काढतात आणि ती काढल्यावर रिक्षाचा विषय सोडाच, पण सायकलीचा विषयही कोणी काढीत नाही. थोर माणसांनी आपल्या पश्चात शाळा, पुतळे आणि रस्त्यांची नावे ठेवावीत हे ठीक. त्यांनी असे दाखले मागे ठेवून सामान्य माणसाचा रिक्षाचा आनंद हिरावून घ्यावयास नको होता.

उतरतीच्या वाटेवर, खालच्या बागेत, हास्यक्लब भरतो. मी कधीकाळी दिवाळी अंकांतून विनोदी लेखन केलेले असल्यामुळे तेथे आपली काही पूर्वपुण्याई कामास येईल अशा समजुतीने एका रविवारी मी त्या वर्तुळात उभा राहिलो. या संस्थेचा इतिहास विनोदी लेखकाने मुळात वाचूच नये. डॉक्टर मदन कटारिया यांनी 13 मार्च 1995 रोजी मुंबईत एका बागेत पाच माणसे जमवून हा उपक्रम सुरू केला, तेव्हा आरंभी ती मंडळी एकमेकांना विनोद सांगून हसत असत. पंधरवड्याच्या आत विनोदांचा साठा संपला. जे उरले ते कोणाला तरी झोंबणारे किंवा चारचौघांत सांगण्यासारखे नव्हते. तेव्हा डॉक्टरांनी विनोदच रद्द केला आणि हसणे तेवढे कायम ठेवले. आणि नेमकी त्या दिवसापासून ही चळवळ जगभर पसरली. ज्याने जन्मभर शब्दांची कसरत करून वाचकाच्या ओठांवर कसेबसे स्मित आणले, त्याने चाळीस माणसांना कोणत्याही कारणाशिवाय गडगडाटी हसताना पाहावे, यापरते दैवदुर्विलसित ते कोणते! तेथे 'नमस्कारहास्य' आहे, 'मौनहास्य' आहे, आणि जीभ बाहेर काढून पंजे उगारावयाचे 'सिंहहास्य' आहे. सिंहहास्याच्या वेळी माझ्या समोर, तेवढीच जीभ बाहेर काढून, आमच्या कचेरीचे निवृत्त वरिष्ठ उभे होते, ज्यांच्यासमोर मी बावीस वर्षे खुर्चीवर बसलो नव्हतो. आम्ही एकमेकांना ओळखले नाही. दोघांनीही पंजे अर्धवट खाली घेतले आणि पुढच्या हास्यास लागलो. घड्याळाने त्या सकाळी टाळ्यांपोटी बाराशे पावलांचा इजाफा दिला.

येथवर मी माझ्याच पराक्रमाची कथा सांगत आलो. परंतु सत्यास स्मरून हे कबूल करावयास हवे, की आमच्या घरात पन्नाशीनंतरचा खरा संसार दुसऱ्याच व्यक्तीने मांडलेला आहे. श्रावणात मंगळागौरी सुरू झाल्या, की नव्या नवरीला खेळ येत नाहीत, तिच्या मैत्रिणींना येत नाहीत, सासूला येत होते पण कंबर साथ देत नाही. आणि म्हणून बाहेरून खेळणाऱ्या बायका बोलावण्याची वहिवाट आता पुण्यात चांगलीच रूढ झाली आहे. सौभाग्यवती अशा बारा जणींच्या एका मंडळात आहेत. सर्वांत लहान सभासद अठ्ठेचाळीस वर्षांची असून तिला अद्याप 'ती मुलगी' म्हणतात. एकाच रंगाची बारा नऊवारी लुगडी, बारा नथी, बारा अंबाडे अशा थाटात ही फौज एका टेंपोतून निघते, आणि झिम्मा, पिंगा, आगोटापागोटा, किकीचे पान, लाट्या बाई लाट्या, सुपे घेऊन नाचणे अशा क्रमाने तीन तास धुमाकूळ घालून, बिदागी घेऊन, रात्री अकराला परत येते. मला या प्रकरणात एकच शंका आहे. घरी पाटावर बसावयाचे झाले, की जे गुडघे लेखी तक्रार दाखल करतात, माळ्यावरचा डबा काढताना जी कंबर रजेवर असते, ती कंबर आणि ते गुडघे बसफुगडीच्या वेळी कोणाच्या हुकमाने कामावर हजर होतात? ही शंका मी एकदा बोलून दाखविली. "अहो, तिथे बाराजणी असतात," एवढेच उत्तर मिळाले. ते उत्तर माझ्या शंकेचे नव्हते असे तेव्हा मला वाटले.

मध्यंतरी कट्ट्याची सहल ठरली. सहल म्हणजे स्वारगेटहून एसटीने वाई, ढोल्या गणपतीचे दर्शन, घाटावर बसून डबे सोडणे आणि संध्याकाळी परत. यात अडचण येण्यासारखे काही नव्हते. परंतु एस्टीवाल्यांनी भाड्याचा तक्ता मांडला आणि प्रकरण विचाराधीन झाले. पंचाहत्तरीपुढच्यांना 2022 पासून प्रवास मोफत, तेव्हा मामलेदार सुटले. पासष्टीपुढच्यांना अर्धे तिकीट. त्यात मास्तर, बँकवाले, मंडईवाले आणि स्वतः एस्टीवाले. बायकांना 2023 च्या मार्चपासून वयाची अट न घालता अर्धे. त्यात सिस्टर आणि आमच्या सौभाग्यवती. पूर्ण तिकीट काढणारा इसम संपूर्ण तुकडीत मी एकटा निघालो. मामलेदारांनी माझ्याकडे अशा कौतुकाने पाहिले, की जणू मीच राज्याचा महसूल सांभाळतो आहे. तेवढ्यात पोस्टमास्तरांनी घसा साफ केला. त्यांना पंचाहत्तर पूर्ण होण्यास चार महिने कमी होते. अर्ध्या तिकिटाचे पैसे त्यांना जड होते असे मुळीच नाही; दोन्ही मुले परदेशी असून दरमहा विचारतात, की पैसे पाठवू का, आणि हे दरमहा नको म्हणतात. प्रश्न तत्त्वाचा होता. चार महिन्यांनी जे फुकट मिळणार त्यासाठी आज दाम मोजणे हा त्यांच्या मते सरकारी सवलतीचा अवमान होता. पाऊण तास खल झाला. मास्तरांनी दाखले दिले, सिस्टर दोनदा ओरडली. अखेर सहल चार महिने तहकूब करण्यात येऊन ती पोस्टमास्तरांच्या वाढदिवशी निघावी आणि त्यांनी आधार कार्ड बरोबर ठेवावे, असा ठराव बिनविरोध संमत झाला. मी एका क्षीण आवाजात विचारले, की त्याच हिशेबाने माझ्या पासष्टीपर्यंत थांबता येईल काय? "अकरा वर्षं?" मामलेदार म्हणाले, आणि आपल्याभोवती बसलेल्या मंडळींकडे एकवार पाहून त्यांनी पुढचे वाक्य बोलण्याचे टाळले. सिस्टरने विषय बदलला.

पोस्टमास्तर एकटे राहतात हे मला त्याआधीच ठाऊक झाले होते, आणि ज्या रीतीने झाले ती रीत या कट्ट्याची म्हणून येथे सांगावयास हवी. मास्तर रोज हजेरी घेतात. वही नसते, पुकारा नसतो. चाळीस वर्षे वर्गावर नजर फिरवून जी सवय लागली ती गेलेली नाही, इतकेच. मी तेथे रुळल्यावर त्यांनी मला बाजूस घेऊन पत्ता विचारला. मी फोन नंबर सांगू लागलो, तेव्हा ते म्हणाले, "नंबर नको. फोन उचलायला माणूस शुद्धीवर असावा लागतो. पत्ता द्या, मजला सांगा, आणि दुसरी किल्ली कुणाकडे असते तेही सांगा." दोन दिवस मुभा, तिसऱ्या दिवशी दार वाजवावयाचे, असा तेथला दंडक आहे. पोस्टमास्तर एकदा दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी दार वाजविले तेव्हा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची हिरवी पट्टी डोळ्यावर बांधून ते आतल्या खोलीत बसले होते, आणि वाकावयाचे नाही, चुलीजवळ जावयाचे नाही, असे डॉक्टरांनी सांगितल्यामुळे दोन दिवस चहावाचून होते. कोणाला त्रास कशाला, म्हणून त्यांनी कळविले नव्हते. त्या दिवसापासून आठ दिवस पाळीपाळीने थर्मास गेला. मंडईवाल्यांच्या घरच्या चहात साखर फार असते आणि बँकवाल्यांच्या घरच्या चहात चहा कमी असतो, असा लेखी शेरा पोस्टमास्तरांनी थर्माससोबत परत पाठविल्यामुळे दोन घरांत महिनाभर अबोला होता, ही गोष्ट अलाहिदा.

आता माझ्या गैरहजेरीची हकिकत. गेल्या महिन्यातील एका मंगळवारी पर्वती उतरताना माझ्या मनात विचार आला, की आज घरी पोहोचण्यापूर्वीच दहा हजार पुरे होतील. म्हणून मी मनगट वर करून पाहिले. घड्याळावर 9,987 हा आकडा होता. पायरी ज्या ठिकाणी असावी असे माझे अनुमान होते, तेथे ती नव्हती. पुढचे तेरा आकडे मी कसे पूर्ण केले हे मला निश्चित सांगता येत नाही, परंतु मी थांबलो तेव्हा घड्याळ थरथरले आणि त्याच्या तोंडावर फटाक्यांची आतषबाजी होऊन अभिनंदनाचा मजकूर झळकला. बंगळुराहून पाचव्या मिनिटाला एक फुलांचा गुच्छ, अर्थात चित्रातला, येऊन पोहोचला. घोटा तोवर नारळाएवढा झाला होता.

बुधवार गेला, गुरुवार गेला. घड्याळ दर तासाला मला उठून हिंडण्याची आठवण करीत होते. शुक्रवारी सकाळी पावणेआठ वाजता दार वाजले आणि कट्टा घरात आला; दहा माणसे, आणि त्यांच्या पायांतली दहा जोडी पादत्राणे दारात. सौभाग्यवतींनी चहाचे आधण ठेवले. सिस्टरने कोणासही न विचारता माझ्या घोट्याचा ताबा घेऊन तो चहूबाजूंनी फिरविला, आणि मी ओरडल्यावर "मोडलेलं नाही" असा निर्णय दिला. मंडईवाले आंबेहळद घेऊन आले होते. जहागीरदारांनी आपल्या बायपासच्या वेळची हकिकत पुन्हा एकदा आमूलाग्र सांगितली, आणि घोटा मुरगळणे हे दुखणे कोणत्या वर्गात धरावे यावर मतभेद होऊन, अस्थिविषयक असल्यामुळे ते गुडघेवाल्यांच्या खालोखाल, किरकोळ वतनांत धरावे असे ठरले. मला पदोन्नती मिळाली हे ऐकून मुलीने फोनवरून विचारले, "बाबा, कुठे, कचेरीत?" दरम्यान आतून हसण्याचा आवाज येऊ लागला होता. सौभाग्यवतींच्या मंडळातल्या दोघी रोजच्या सरावासाठी म्हणून आल्या होत्या. त्यांतली एक मास्तरांची जुनी विद्यार्थिनी निघाली, आणि तिला त्यांनी छत्तीस वर्षांपूर्वी भूमितीत दिलेले तीन गुण ती त्यांना आता चढ्या आवाजात परत करीत होती.

सारे निघाले तेव्हा मास्तर दारात थांबले. "तुम्ही न कळवता तीन दिवस राहिलात," ते म्हणाले. "कचेरीतला माणूस तुम्ही. रजेचा अर्ज असतो की नाही?" ते थट्टा करीत होते असे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत नव्हते, आणि मलाही उगाच चूक राहिल्यासारखी वाटली. दुपारी मी पाय उशीवर ठेवून, ज्या अक्षराने जन्मभर इतरांचे अर्ज निकालात काढले त्याच अक्षरात, एक पानभर अर्ज लिहिला: विषय, संदर्भ, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर की, पर्वती उतरत असता उजव्या पायास इजा झाल्याने गत तीन दिवस व पुढील सात दिवस अशी एकूण दहा दिवसांची रजा मंजूर होण्यास विनंती आहे, आपला नम्र, कचेरीवाले. संध्याकाळी तो सौभाग्यवतींच्या हाती, सरावाला जाता जाता, मास्तरांच्या घरी पोहोचता झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी थर्मास आला. चहात साखर फार होती. झाकणाखाली माझाच अर्ज चौघडी घालून ठेवलेला होता, आणि त्याच्या समासात मामलेदारांच्या हस्ताक्षरात, लाल शाईने, शेरा होता: 'वैद्यकीय प्रमाणपत्र सोबत नाही. अर्जदाराचे नाव नमूद नाही. सबब त्रुटीपूर्ततेसाठी परत.'